लघवीची आग: उन्हामुळे की जंतूंमुळे?

उन्हाळा तापू लागला की मराठवाड्यातल्या तालुक्याच्या दवाखान्यांत एक तक्रार वाढत जाते. बाई आधी अंग दुखते म्हणते, मग भूक लागत नाही म्हणते, आणि सोबतचा पुरुष खोलीबाहेर गेल्यावर हळू आवाजात सांगते की लघवीला आग होते, थेंब थेंब होते आणि ओटीपोट ठणकते. तोपर्यंत घरात ‘उन्हाळी लागली’ असे निदान झालेले असते, धने-जिऱ्याचे पाणी देऊन झालेले असते आणि मेडिकलवाल्याने हातात ठेवलेल्या चार गोळ्यांपैकी दोन पोटात गेलेल्या असतात. यातल्या बऱ्याच स्त्रियांना प्रत्यक्षात मूत्रसंसर्ग झालेला असतो, म्हणजे लघवी तयार होण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या मार्गात जंतू वाढून तेथे दाह झालेला असतो. सुमारे निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा आजार गाठतो. वेळेवर ओळखला तर तो तीन ते पाच दिवसांच्या साध्या औषधाने बरा होतो. तो चिघळतो तो लाजेने, चालढकलीने आणि अर्धवट औषधाने.

जंतू येतात कुठून?

दोन मूत्रपिंडे रक्त गाळून लघवी तयार करतात, ती दोन बारीक नळ्यांतून मूत्राशयात उतरते, तेथे साठते आणि मूत्रमार्गाच्या नळीवाटे बाहेर पडते. पुरुषांत ही शेवटची नळी सुमारे 20 सेंटिमीटर लांब असते, स्त्रियांत जेमतेम 4 सेंटिमीटर. शिवाय स्त्रियांत तिचे तोंड योनीमार्गाच्या आणि गुदद्वाराच्या अगदी जवळ असते. हा आजार स्त्रियांना पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतो, याचे मुख्य कारण ही शरीररचनाच आहे.

दर चार रुग्णांपैकी किमान तिघींमध्ये दोषी जंतू एकच असतो, त्याचे नाव ई. कोलाय. तो प्रत्येकाच्या आतड्यात राहतो आणि तेथे सहसा कोणाला त्रास देत नाही. मात्र गुदद्वाराजवळच्या त्वचेवरून सरकत तो मूत्रमार्गात शिरला की गोष्ट बदलते. खरे तर लघवीच्या प्रत्येक धारेबरोबर आत आलेले जंतू वाहून जायला हवेत, आणि बहुतेक वेळा ते जातातही. पण ई. कोलायच्या काही जातींच्या अंगावर केसांसारखे अतिसूक्ष्म धागे असतात. माळावरून चालून आल्यावर लुगड्याच्या काठाला गवताची कुसळे अडकतात आणि पदर नुसता झटकून ती निघत नाहीत, तसे हे जंतू त्या धाग्यांनी मूत्राशयाच्या अस्तराला धरून बसतात. मग लघवीची धार त्यांच्यावरून जाते, पण त्यांना हलवत नाही. ते वाढतात, शरीर त्यांच्याशी लढायला पांढऱ्या पेशी पाठवते, अस्तर सुजते, आणि मूत्राशयात चमचाभर लघवी असली तरी ते भरल्यासारखे वाटू लागते. सारखी घाई होते आणि प्रत्यक्षात थेंबच पडतात, ते यामुळे.

मग उन्हाचा काहीच संबंध नाही का?

आहे, पण समजतो तसा नाही. बेचाळीस अंशांच्या उन्हात शरीरातले पाणी घामावाटे जाते, लघवी कमी आणि गडद होते, आणि अशी घट्ट लघवी नुसतीही थोडी झोंबते. भरपूर पाणी प्यायल्यावर काही तासांत लघवी फिकट झाली आणि जळजळ थांबली, तर ते उन्हाचेच काम होते असे मानायला हरकत नाही. पण लघवीचा रंग निवळूनही आग राहिली, दर अर्ध्या तासाला उठावे लागले, लघवी गढूळ दिसू लागली किंवा तिच्यात रक्त उतरले, तर उन्हाला दोष देऊन थांबणे योग्य नाही.

धने-जिऱ्याचे पाणी, वाळ्याचे पाणी, सब्जा, ताक यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यांतून पाणी पोटात जाते आणि तेच उपयोगी पडते. पाण्याचा फायदा केवळ आजीबाईंच्या सांगण्यावर अवलंबून नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरहून कमी द्रव पिणाऱ्या 140 स्त्रियांचे दोन गट केले होते. एका गटाने रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायचे, दुसऱ्याने नेहमीसारखेच राहायचे. वर्षभरात दुसऱ्या गटातील स्त्रियांना सरासरी 3.2 वेळा संसर्ग झाला, तर पाणी वाढवणाऱ्यांना 1.7 वेळा. मात्र हा अभ्यास संसर्ग टाळण्याविषयीचा आहे. एकदा जंतूंनी अस्तर धरले की तांब्याभर पाणी औषधाची जागा घेत नाही. मूत्रपिंड किंवा हृदयाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलेले आहे, त्यांनी डॉक्टरांना न विचारता ते वाढवू नये.

पाणी प्यायचे, पण लघवीला जायचे कुठे?

‘भरपूर पाणी प्या, लघवी रोखून धरू नका’ हा सल्ला पुस्तकात सोपा आहे. ज्या भागातल्या लातूर शहराला 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि जिथे कित्येक गावे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, तिथे बाईच्या वाट्याचे पाणी आधी घरच्यांना, मग गुरांना आणि उरले तर तिला असा हिशेब असतो.

बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोड कामगार स्त्रिया याचे सर्वांत उघड उदाहरण आहेत. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, फिटेपर्यंत दोघांनाही फडात राबावे लागते. मुक्काम कोपीत, म्हणजे पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या खोपट्यात, जिथे ना न्हाणी असते ना संडास. अशी बाई पहाटे अंधारात एकदा आडोशाला जाऊन येते आणि दिवसभर मोळ्या बांधताना, गाडी भरताना मुद्दामच पाणी कमी पिते, कारण उसाच्या फडात चहूकडे पुरुष असतात आणि मुकादमाचा खाडा, म्हणजे कामातल्या खंडाचा दंड, परवडत नाही. मूत्राशय तासन्‌तास भरलेले राहिले की आत शिरलेल्या जंतूंना वाढायला निवांत वेळ मिळतो. घाणेरड्या स्वच्छतागृहामुळे दिवसभर पाणी न पिणारी शाळकरी मुलगी आणि एसटीच्या प्रवासात घसा कोरडा ठेवणारी शिक्षिका हेच करत असतात. त्यामुळे हा प्रश्न बाईच्या सवयींचा जितका आहे, त्याहून जास्त तो फडाजवळ पाणी आणि आडोसा देण्याची जबाबदारी असणाऱ्यांचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सार्वजनिक शौचालयातूनच हा आजार होतो या समजुतीने अनेक जणी तेथे जाणे टाळतात. संसर्गाचे जंतू बहुतेक वेळा स्वतःच्याच आतड्यातले असतात आणि भारतीय पद्धतीच्या शौचालयात तर अंगाचा कशालाही स्पर्श होत नाही. तेव्हा घाण वाटली तरी तीन-चार तासांनी जाऊन येणे हे लघवी दाबून ठेवण्यापेक्षा केव्हाही बरे.

हा अस्वच्छतेचा किंवा संबंधातून लागणारा आजार आहे का?

या प्रश्नामागे बहुधा संशय किंवा अपराधीपणा असतो, म्हणून उत्तर नीट द्यायला हवे. मूत्रसंसर्ग हा गुप्तरोग नाही. तो नवऱ्याकडून बायकोला लागत नाही आणि त्यासाठी नवऱ्याला औषध द्यावे लागत नाही. मात्र शरीरसंबंधाच्या वेळी योनीमार्गाजवळचे जंतू मूत्रमार्गात ढकलले जातात, त्यामुळे नवविवाहित मुलींमध्ये हा त्रास वारंवार दिसतो. संबंधानंतर लवकर लघवी करून येणे हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे. शुक्रजंतूनाशक मलम वापरणाऱ्यांमध्येही धोका वाढतो, त्यांनी गर्भनिरोधनाचे दुसरे साधन निवडावे.

शौचानंतर धुताना हात पुढून मागे न्यावा असे सगळेच सांगतात. त्याला संशोधनाचा आधार फार भक्कम नाही, पण त्यात तोटा काहीच नसल्याने सवय लावून घ्यावी. याउलट अतिस्वच्छतेने नक्की तोटा होतो. योनीमार्गात लॅक्टोबॅसिलाय नावाचे उपयुक्त जंतू राहतात आणि तेथील आम्लता टिकवून ई. कोलायला रोखून धरतात. जंतुनाशक द्रावणाने किंवा सुगंधी साबणाने आतून धुतल्यास आधी हे राखणदारच मरतात. बाहेरून साधे पाणी पुरेसे आहे.

मूत्राशयापुरते की वर मूत्रपिंडापर्यंत?

आग, घाई, वारंवारता, ओटीपोटात दुखणे आणि क्वचित रक्त, एवढ्यावर आजार थांबला असेल तर तो बहुधा मूत्राशयापुरता असतो. थंडी वाजून ताप भरला, पाठीत बरगड्यांच्या खाली एका बाजूला कळ येऊ लागली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर जंतू वर मूत्रपिंडापर्यंत पोचले असे समजून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तेथून ते रक्तात पसरू शकतात आणि मग प्रकरण जिवावर बेतते. अशा वेळी पाळी, सण, काढणी यांपैकी कशासाठीही थांबू नये.

आग होते पण घाई नाही, उलट खाज आहे आणि अंगावरून पांढरे जाते, असे असेल तर दोष लघवीचा नसून योनीमार्गाच्या संसर्गाचा असण्याची शक्यता जास्त. त्याचे औषध वेगळे असते, म्हणून पांढरे जाण्याची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये.

बाटली नीट भरली नाही तर रिपोर्ट खोटा

तपासण्या दोन. पहिली साधी लघवी तपासणी, ती ग्रामीण रुग्णालयात सहज होते आणि तीत पांढऱ्या पेशी, म्हणजे रिपोर्टमधल्या ‘पस सेल्स’, वाढलेल्या दिसतात. दुसरी कल्चर, जिच्यात लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ते कोणते आणि त्यांच्यावर कोणते औषध चालते हे पाहतात. तिला दोन ते तीन दिवस लागतात. धडधाकट तरुण स्त्रीला पहिल्यांदाच त्रास झाला असेल तर लक्षणांवरूनच औषध सुरू करता येते. पण गर्भवती, मधुमेही, ताप असलेली किंवा पुन्हा पुन्हा आजारी पडणारी स्त्री असेल तर कल्चर करायलाच हवे. छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेल्या रुग्णालयांत सूक्ष्मजीवशास्त्राचे विभाग आहेत.

नमुना देण्याची पद्धत मात्र क्वचितच कोणी समजावून सांगते. हातात बाटली देऊन ‘भरून आणा’ एवढेच सांगितले जाते. आधी हात आणि लघवीची जागा साध्या पाण्याने धुवावी, दोन बोटांनी कडेची त्वचा बाजूला धरावी, पहिली धार सोडून द्यावी आणि मधली धार निर्जंतुक बाटलीत घ्यावी. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नये. पहिली धार बाटलीत गेली तर त्वचेवरचे जंतू त्यात येतात, आणि रिपोर्टमध्ये ‘एपिथेलियल सेल्स’, म्हणजे त्वचेच्या पेशी, भरपूर किंवा ‘मिश्र जंतू’ असा शेरा पडतो, ज्याचा अर्थ बहुधा नमुना बिघडला एवढाच असतो. आपल्याकडची दुसरी अडचण उन्हाची आहे. गावात सकाळी भरलेली बाटली एसटीने तालुक्याला दुपारी पोचली, तर पिशवीतल्या उकाड्यात जंतू बाटलीतच वाढलेले असतात आणि नसलेला आजार कागदावर उमटतो. नमुना दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत जावा किंवा फ्रीजमध्ये ठेवावा. सर्वांत सोपे म्हणजे प्रयोगशाळेतच जाऊन द्यावा, आणि तोही प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्याआधी.

कल्चरच्या कागदावर जंतूचे नाव, त्यांची संख्या आणि खाली औषधांची यादी असते. एका मिलिलिटरमागे एक लाखाहून अधिक ही संख्या सहसा ठोस मानली जाते, तरी लक्षणे स्पष्ट असतील तर कमी संख्याही महत्त्वाची ठरते. औषधापुढे ‘एस’ असेल तर ते चालते, ‘आर’ असेल तर जंतू त्याला दाद देत नाही. हा कागद जपून ठेवावा. पुढच्या वेळी डॉक्टर बदलला तरी तो उपयोगी पडतो.

शेजारणीला लागू पडलेली गोळी मला का नाही?

कारण दोघींच्या आतड्यांतले ई. कोलाय सारखे नसतात. ज्या जंतूंनी पूर्वी एखादे प्रतिजैविक पुष्कळदा पाहिलेले असते, त्यांच्यातले तगून राहिलेले त्याला पुरून उरतात. भारतात सर्दी-खोकल्यापासून जुलाबांपर्यंत कशालाही सिप्रोफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन, सेफिक्झिम दिले गेल्याने ई. कोलायच्या फार मोठ्या हिश्श्यावर ही औषधे आता चालत नाहीत. पैकी पहिल्या दोघांच्या गटामुळे स्नायुबंधांना आणि मज्जातंतूंना इजा होऊ शकते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 मध्ये साध्या मूत्रसंसर्गात दुसरा पर्याय असताना ती वापरू नयेत असे बजावले.

विशेष असे की 1950 च्या दशकातले नायट्रोफ्युरँटोइन हे जुने औषध या जंतूवर अजून चांगले चालते. साधारणतः पाच दिवस ते जेवणाबरोबर घ्यायचे असते. फॉस्फोमायसिन हा दुसरा पर्याय, 3 ग्रॅमची एकच पुडी पाण्यात विरघळवून प्यायची. दोन्ही औषधे मूत्राशयाच्या आजारासाठी आहेत. मूत्रपिंडापर्यंत पोचलेल्या संसर्गात ती पुरत नाहीत, आणि मूत्रपिंडे कमजोर असतील तर नायट्रोफ्युरँटोइन देत नाहीत. म्हणून निवड डॉक्टरनेच करायची.

जळजळ थांबावी म्हणून दिले जाणारे गोड-आंबट सिरप आपल्याकडे घरोघर असते. ते लघवीची आम्लता कमी करते, त्याने काहींना आराम वाटतो, पण जंतू मरत नाहीत. त्यात एक मेखही आहे. नायट्रोफ्युरँटोइन आम्लधर्मी लघवीत जास्त प्रभावी असते, त्यामुळे हे सिरप सोबत घेतल्यास त्याचा जोर कमी होतो. दोन्ही एकाच चिठ्ठीवर दिसली तर डॉक्टरांना विचारायला संकोच करू नये.

औषध सुरू झाले की एक-दोन दिवसांत आग कमी होते आणि गोळ्यांची पट्टी कपाटात जाते, पुढच्या वेळेसाठी किंवा जावेसाठी. लाल रेघ असलेली ही पट्टी चिठ्ठीशिवाय घ्यायची नसते आणि सांगितलेले दिवस पूर्ण करायचे असतात. याच्या उलट, दोन दिवसांत काहीच फरक पडला नाही तर तीच गोळी पुढे रेटू नये, परत जाऊन कल्चर करावे.

औषध न घेता आपोआप बरे होत नाही का, असेही विचारले जाते. काही निरोगी तरुण स्त्रियांत होते, हे खरे आहे. पण कोणाचे थांबेल आणि कोणाचे वर चढेल हे आधी सांगता येत नाही.

गरोदरपणी त्रास नसतानाही तपासणी, उतारवयात मात्र उलट

गर्भवतीच्या लघवीत कसलाही त्रास नसताना जंतू सापडू शकतात. ते तसेच सोडले तर चौघी-पाच जणींपैकी एखादीच्या मूत्रपिंडापर्यंत पोचतात, आणि दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याचा किंवा बाळाचे वजन कमी राहण्याचा धोका वाढतो. त्यामुळे पहिल्या तिमाहीतच लघवीचे कल्चर करणे आणि जंतू आढळल्यास गरोदरपणी चालणारे औषध घेणे आवश्यक आहे. ‘पोटुशीला गोळ्या नकोत’ हा सासूबाईंचा सल्ला इथे मानू नये.

उतारवयात नेमके उलटे. अनेक वृद्ध स्त्रियांच्या लघवीत जंतू असतात पण त्रास काहीच नसतो, आणि तिथे प्रतिजैविक देण्याचा फायदा नाही. मधुमेही स्त्रीलाही हेच लागू. रिपोर्टवर उपचार करायचा नसतो. पण मधुमेहीला खरोखर संसर्ग झाला तर तो अधिक चिघळतो, म्हणून तिने साखर आटोक्यात ठेवणे हाच मोठा प्रतिबंध.

पुन्हा पुन्हा का होते?

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झाले तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात आणि त्याची कारणे शोधावी लागतात. सोनोग्राफीत मूतखडा सापडतो का, लघवी झाल्यावरही मूत्राशयात बरीच शिल्लक राहते का, रक्तात साखर आहे का, हे पाहतात. पाळी गेलेल्या स्त्रियांत कारण बहुधा वेगळे असते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटले की योनीमार्गातले उपयुक्त जंतू कमी होतात. अशा वेळी आतून लावायच्या इस्ट्रोजेन मलमाने संसर्ग कमी होतात, तरी आपल्याकडे ते फार कमी जणींना सांगितले जाते.

पिशवी काढली की सुटका होते का?

ओटीपोट दुखते, अंगावरून जाते, लघवीला आग होते, या तक्रारींची गाठ आपल्याकडे फार लवकर ‘पिशवी खराब आहे’ या वाक्याशी घातली जाते. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया चव्हाट्यावर आल्या, तेव्हा आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यातल्या कोणाचे दुखणे लघवीचे होते हे आता सांगता येणार नाही. पण शरीरशास्त्र स्पष्ट आहे. मूत्राशय आणि गर्भाशय शेजारी असले तरी वेगळे अवयव आहेत, आणि पिशवी काढल्याने मूत्रमार्गाची लांबी वाढत नाही की ई. कोलाय कमी होत नाहीत. उलट बीजाशयेही काढली गेली तर पस्तिशीतल्या बाईचे इस्ट्रोजेन एका दिवसात संपते आणि साठीत होणारा वारंवार संसर्ग तिला ऐन उमेदीत सुरू होऊ शकतो.

म्हणून ओटीपोटाच्या दुखण्यावर कोणी शस्त्रक्रिया सुचवली, तर आधी लघवीची साधी तपासणी आणि कल्चर झाले आहे का, पांढरे जाण्यावर औषध देऊन पाहिले आहे का आणि सोनोग्राफीत नेमके काय दिसले, हे तीन प्रश्न विचारावेत, आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेईपर्यंत तारीख ठरवू नये.